बॉस्फरसचे दोन काठ : इस्तंबूलविषयीच्या एका रूढ समजुतीचा प्रतिवाद

इस्तंबूलविषयीचे प्रवासलेखन, मग ते एकोणिसाव्या शतकातील फ्रेंच वा इटालियन साहित्यिकाचे असो किंवा आजच्या सहल कंपनीच्या माहितीपत्रकातले, बहुधा एकाच विधानापासून सुरू होते आणि त्याच विधानापाशी येऊन थांबते. हे शहर म्हणजे पूर्व आणि पश्चिम यांचा संगम होय, बॉस्फरसच्या एका काठावर युरोप आणि दुसऱ्या काठावर आशिया उभा आहे, आणि या दोन जगांना जोडणारा पूल म्हणून इस्तंबूलकडे पाहावे, असे ते विधान. ते सुटसुटीत आहे, नकाशावर बोट ठेवून दाखवता येते आणि शहरात पाऊल टाकण्यापूर्वीच प्रवाशाच्या तोंडी बसलेले असते. त्यामुळे त्याची तपासणी करण्याची गरज कोणाला फारशी वाटत नाही. प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन असे की हे विधान शहर पाहून सुचलेले नाही, तर शहरावर बाहेरून आणून ठेवलेले आहे. त्याच्यामुळे आया सोफियापासून हैदरपाशाच्या रेल्वेस्थानकापर्यंत एकही वास्तू प्रवाशाला नीट दिसत नाही, आणि विसाव्या शतकात या शहरातून कोण नाहीसे झाले हा प्रश्न त्याच्या मनात उमटतही नाही.

या विधानात दोन वेगळ्या गोष्टींची सरमिसळ झालेली आहे. बॉस्फरस ही काळा समुद्र आणि मार्मारा समुद्र यांना जोडणारी सामुद्रधुनी, म्हणजे दोन समुद्रांमधला पाण्याचा चिंचोळा पट्टा आहे. तिची लांबी सुमारे ३० किलोमीटर असून सर्वांत अरुंद जागी ती जेमतेम ७०० मीटर रुंद आहे. ही सामुद्रधुनी युरोप आणि आशिया या खंडांची सीमा मानली जाते, हा भूगोलातील संकेत आहे आणि त्याविषयी वाद नाही. परंतु या पाण्याच्या अलीकडे एक संस्कृती आणि पलीकडे दुसरी, हा इतिहासाविषयीचा दावा आहे, आणि त्याला स्वतंत्र पुरावा द्यावा लागतो. खंडांची ही नावे ज्या प्राचीन ग्रीकांच्या समुद्रप्रवासांतून रूढ झाली, त्यांच्यातील विचारी माणसांनाही हा दावा मान्य नव्हता. इसवी सनपूर्व पाचव्या शतकातील इतिहासकार हिरोडोटस, जो स्वतः आशियाच्या किनाऱ्यावरील हालिकार्नासस (आजचे बोद्रुम) येथला होता, त्याने मुळात एकच असलेल्या भूमीला तीन निरनिराळी नावे का द्यावीत असा प्रश्न उपस्थित केला होता. चोवीस शतकांपूर्वी विचारलेला तो प्रश्न आजच्या प्रवासवर्णनकारांनी पुन्हा हाती घेण्याजोगा आहे.

इतिहासाचा पुरावा पाहिला तर बॉस्फरसचे दोन काठ जवळजवळ कधीच दोन जगांचे नव्हते. युरोपच्या काठावर बायझांटियम वसवणारे आणि समोरच्या आशियाई काठावर खाल्किदोन, म्हणजे आजचे कादिकॉय, वसवणारे वसाहतकार हे दोघेही ग्रीसमधील मेगारा या एकाच नगरराज्यातले होते, आणि त्यांपैकी आशियाई काठावरील वसाहत आधीची मानली जाते. सम्राट कॉन्स्टंटाईनने इसवी सन ३३० मध्ये बायझांटियमच्या जागी आपली नवी राजधानी, कॉन्स्टंटिनोपल, प्रतिष्ठित केली, तेव्हा त्याने ती साम्राज्याच्या कडेला ठेवली नव्हती. पुढील सात शतके या राजधानीला सैनिक आणि महसूल यांचा मोठा वाटा समोरच्या अनातोलियातून, म्हणजे आजच्या तुर्कस्तानच्या आशियाई भूभागातून, मिळत राहिला. ज्याला आज निःशंकपणे पाश्चात्त्य म्हटले जाते त्या ख्रिस्ती धर्माचे सिद्धांत ज्या सात विश्वपरिषदांत, म्हणजे सर्व प्रांतांतील बिशपांच्या सभांत, निश्चित झाले, त्या सातही परिषदा आजच्या तुर्कस्तानच्या हद्दीत भरल्या; त्यांपैकी तीन कॉन्स्टंटिनोपलमध्ये, तर निकाया, एफिसस आणि खाल्किदोन येथील मिळून चार आशियात. ४५१ सालची खाल्किदोनची परिषद तर आजच्या कादिकॉयच्या परिसरात झाली, ज्याला माहितीपत्रके ‘आशियाई बाजू’ म्हणून वेगळी काढतात.

शहराच्या तटबंदीचे स्थानही हेच सांगते. थिओडोसियसची भिंत या नावाने ओळखली जाणारी, पाचव्या शतकाच्या आरंभी उभारलेली प्रचंड तटबंदी पश्चिमेकडे तोंड करून उभी आहे, कारण जमिनीवरून येणारा शत्रू त्याच दिशेने येऊ शकत होता. १२०४ साली शहराची जी भयंकर लूट झाली ती चौथ्या धर्मयुद्धासाठी निघालेल्या पश्चिम युरोपीय ख्रिस्ती सैन्याने केली, आणि तिच्यातून नेलेले ब्राँझचे चार घोडे पुढे व्हेनिसच्या सेंट मार्क चर्चवर विराजमान झाले. १४५३ साली शहर जिंकणारा सुलतान दुसरा मेहमेद याला प्रवासवर्णनांत पूर्वेकडून आलेले वादळ म्हणून रंगवले जाते. वस्तुतः त्याचे सैन्य युरोपातील एदिर्ने या तत्कालीन ऑटोमन राजधानीतून निघून पश्चिमेच्या तटाशी भिडले, आणि त्याची सर्वांत मोठी तोफ ओर्बान नावाच्या हंगेरियन कारागिराने ओतलेली होती. ऑटोमन सत्ता बाल्कन प्रदेशात स्थिर होऊन तोपर्यंत शतक होत आले होते. तेव्हा ‘पूर्वेने पश्चिम जिंकली’ हे त्या घटनेचे वर्णन कोणत्याही अर्थाने टिकत नाही.

शहराची ख्याती ज्या वास्तूंवर उभी आहे त्यांच्याबाबतीत ही समजूत सर्वाधिक हानी करते. आया सोफिया आणि तिच्या समोरची सुलतान अहमदची मशीद, जिला पर्यटक निळी मशीद म्हणतात, या दोन वास्तू एकमेकींकडे पाहत उभ्या असल्याचे आणि त्यांच्या मधल्या बागेत ख्रिस्ती पश्चिम व इस्लामी पूर्व समोरासमोर येत असल्याचे वर्णन असंख्य लेखनांत सापडते. सम्राट जस्टिनियनने ५३२ ते ५३७ या पाच वर्षांत बांधून घेतलेल्या आया सोफियाचे दोन शिल्पी, त्रालेसचा अँथेमियस आणि मिलेटसचा इसिडोर, हे दोघेही आशिया मायनरचे रहिवासी होते. तिचा संगमरवर मार्मारा समुद्रातील बेटावरचा, हिरवे खांब ग्रीसमधील थेसलीच्या दगडाचे आणि जांभळट पोर्फिरी दगड इजिप्तचा आहे. तिचे खरे महत्त्व एका रचनात्मक प्रश्नाच्या सोडवणुकीत आहे: चौरस पायावर वर्तुळाकार घुमट बसवावयाचा तर चार कोपऱ्यांत जी पोकळी उरते ती कशी भरावी? त्या शिल्पींनी कोपऱ्यांत वक्र त्रिकोणी पृष्ठे, ज्यांना स्थापत्यशास्त्रात पेंडेंटिव म्हणतात, रचून सुमारे ३१ मीटर व्यासाचा घुमट तोलून धरला. तो ५५८ साली कोसळला आणि पहिल्या इसिडोरच्या पुतण्याने तो अधिक उंच करून पुन्हा बांधला. (विजापूरच्या गोल घुमटाने हाच प्रश्न एकमेकींना छेदणाऱ्या कमानींनी निराळ्या रीतीने सोडवला आहे, हे मराठी वाचकाने येथे ध्यानात घ्यावे; घुमट पाहताना तो कोणत्या धर्माचा आहे यापेक्षा तो कशावर उभा आहे हा प्रश्न अधिक फलदायी ठरतो.)

हा प्रश्न हाती धरला की सुलेमानिये आणि सुलतान अहमद या मशिदी आया सोफियाच्या विरोधात उभ्या न दिसता तिच्याच अभ्यासाच्या पुढच्या पायऱ्या दिसू लागतात. मुख्य घुमटाच्या दोन बाजूंना अर्धघुमट जोडून त्याचा रेटा खाली उतरवण्याची आया सोफियातील युक्ती मिमार सिनान या ऑटोमन वास्तुशिल्पीने सुलेमानियेत (१५५० ते १५५७) पुन्हा योजली, तिच्यातील आडव्या विस्ताराचे आणि प्रकाशाचे दोष दूर केले, आणि पुढे एदिर्ने येथील सेलिमिये मशिदीत तोच घुमट आठ आधारांवर पेलून दाखवला. सुलतान अहमदच्या मशिदीत अर्धघुमटांची संख्या दोनावरून चार झाली. सिनानचा जन्म अनातोलियातील कायसेरीजवळच्या खेड्यात एका ख्रिस्ती कुटुंबात झाला होता, आणि देवशिर्मे या पद्धतीने, म्हणजे ख्रिस्ती प्रजेतील मुले सक्तीने सुलतानाच्या सेवेत घेण्याच्या प्रथेने, तो राजधानीत आला. त्यानेच आया सोफियाच्या भिंतींना बाहेरून आधारभिंती जोडून ती सावरली. एका शहराने एक हजार वर्षे एकाच घुमटाचा केलेला हा विचार, वास्तुकलेच्या इतिहासातील एक थोर सातत्य, दोन धर्मांच्या समोरासमोरच्या चित्रात पार नाहीसा होतो. सिनानने सुलतान सुलेमानची कन्या मिहरिमाह हिच्यासाठी दोन मशिदी बांधल्या, एक आशियाई काठावरील उस्कुदारच्या धक्क्याशी आणि दुसरी युरोपीय बाजूला एदिर्नेकापी येथे तटबंदीलगत. त्यांच्यातील भेद एका वास्तुशिल्पीच्या वाढत्या धाडसाचा आहे, दोन खंडांचा नाही.

रेल्वेस्थानकांच्या बाबतीत तर ही समजूत सरळ उलटी पडते. युरोपीय काठावरचे सिर्केजी स्थानक, जेथे पॅरिसहून येणारी ओरिएंट एक्स्प्रेस थांबत असे, १८९० साली ऑगस्ट यास्मुंड या प्रशियन वास्तुविशारदाच्या आराखड्यानुसार उभे राहिले, आणि त्याने त्याला टोकदार कमानी, विटांचे पट्टे व रंगीत काचांच्या गोल खिडक्या देऊन मुद्दाम ‘पौर्वात्य’ रूप दिले, कारण युरोपातून येणाऱ्या उतारूला पूर्वेत पोहोचल्यासारखे वाटावे ही अपेक्षा होती. समोरच्या आशियाई काठावर, बगदादकडे जाणाऱ्या मार्गाचे टोक म्हणून १९०८ साली खुले झालेले हैदरपाशा स्थानक मात्र ओटो रिटर आणि हेल्मुट कुनो या जर्मन वास्तुविशारदांनी मध्य युरोपातील एखाद्या नगरभवनासारखे, उतरत्या छपरांचे आणि कोपऱ्यांवर मनोऱ्यांचे बांधले. राजवाड्यांचेही तसेच आहे: आर्मेनियन बाल्यान घराण्यातील वास्तुविशारदांनी युरोपीय काठावर दोल्माबाह्चे (१८४३ ते १८५६) आणि आशियाई काठावर बेयलरबेयी (१८६१ ते १८६५) हे राजवाडे एकाच युरोपीय धाटणीत बांधले. पूर्वेचा देखावा युरोपीय माणूस युरोपीय उतारूसाठी घडवतो, ही घटना मुंबईकरांनाही परिचित असावयास हवी. जॉन बेग यांनी मुंबईच्या मुख्य टपाल कचेरीवर गोल घुमटाची आठवण देणारा घुमट चढवला आणि जॉर्ज विटेट यांनी गेटवे ऑफ इंडियाला गुजरातच्या सुलतानशाहीतील कमानींचे रूप दिले, तेही त्याच काळात आणि त्याच कल्पनेतून. अशा इमारतींवरून ‘येथे पूर्व सुरू होते’ असा निष्कर्ष काढणे म्हणजे बांधणाऱ्याच्या हेतूला प्रदेशाचा स्वभाव समजणे होय.

या प्रतिवादावर घेतले जाणारे सर्वांत वजनदार आक्षेप दोन आहेत. पहिला असा की खुद्द तुर्की लोकच आपल्या शहराला पूल म्हणतात: १९७३ साली सामुद्रधुनीवर पहिला पूल झाला, १९७९ पासून दोन खंडांमधून धावणारी मॅरेथॉन भरते, आणि २०१० साली युरोपची सांस्कृतिक राजधानी म्हणून शहराची निवड झाली तेव्हा हीच प्रतिमा पुढे केली गेली. हे खरे आहे, परंतु शहर स्वतःविषयी जे पाहुण्यांना सांगते ते त्याचे वर्णन असतेच असे नाही. युरोपीय संघात प्रवेश मागणाऱ्या देशाला पुलाची उपमा राजकारणात उपयोगी होती, आणि उपयोगी असणे हा सत्यतेचा पुरावा नव्हे. शिवाय ही नजर अंशतः उसनी आहे. ओरहान पामुक यांनी २००३ साली प्रसिद्ध झालेल्या ‘इस्तंबूल’ या पुस्तकात, याह्या केमाल आणि तानपिनार यांच्यासारखे थोर तुर्की लेखक आपलेच शहर नेरवाल आणि गोत्ये या फ्रेंच प्रवाशांच्या लेखनातून कसे पाहू लागले, हे फार सहृदयतेने उलगडले आहे. प्रवाशाचे विधान स्थानिकाच्या मुखातून परत आले म्हणून प्रवाशाने त्याला स्वतंत्र साक्ष मानू नये.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. १८३९ साली सुरू झालेल्या तंझिमात या राज्यसुधारणांच्या पर्वापासून ऑटोमन समाजाने कायदा, सैन्य, शिक्षण आणि पोशाख यांत युरोपचे अनुकरण जाणीवपूर्वक स्वीकारले, त्यावर तीव्र मतभेद झाले, आणि प्रजासत्ताकाच्या काळात ते अधिकच धारदार झाले. तेव्हा पूर्व आणि पश्चिम यांचा ताण या शहरात नव्हता असे कसे म्हणता येईल? तो होता, आणि आजही आहे. प्रश्न एवढाच आहे की तो कोठे होता. पाश्चात्त्य राहणीचे केंद्र असलेला पेरा हा भाग आणि जुने सुलतानी शहर यांच्यामध्ये बॉस्फरस कधीच नव्हता. त्यांच्यामध्ये सुवर्णशृंग, म्हणजे गोल्डन हॉर्न नावाची खाडी होती, आणि तिचे दोन्ही काठ युरोपातच आहेत. पेराच्या उतारावरील गलाताचा मनोरा जिनोआच्या व्यापाऱ्यांनी १३४८ साली बांधला, आणि तेव्हा खाडीच्या दुसऱ्या बाजूला ख्रिस्ती बायझंटाईन सम्राट राज्य करीत होता. सुधारणेचा वाद घराघरांतून, वृत्तपत्रांतून आणि शाळांतून चालला, जसा तो १८८०च्या दशकात टिळक-आगरकरांच्या पुण्यात चालला. त्या वादासाठी पुण्याला दोन संस्कृतींमधला पूल म्हणण्याची गरज कोणाला भासली नाही, कारण पुण्याच्या मधून खंडांची सीमा जात नव्हती.

बॉस्फरसला जोडणाऱ्या मार्गाचे काम करावे लागले ते मुख्यतः उत्तर-दक्षिण दिशेने. काळ्या समुद्राच्या किनाऱ्यावरील धान्य, गुरे, लाकूड आणि दुर्दैवाने गुलामही याच मार्गाने राजधानीत येत. पालामुत आणि ल्युफेर या माशांचे थवे ऋतुमानानुसार याच मार्गाने ये-जा करतात आणि शहराच्या जेवणाचे वेळापत्रक त्यांच्यावर बेतलेले असते. वरचा प्रवाह दक्षिणेकडे आणि तळाचा उत्तरेकडे वाहतो, हे मार्सिली या इटालियन अभ्यासकाने सतराव्या शतकातच दाखवून दिले होते. आडव्या दिशेने सामुद्रधुनी ही शहरातील रुंद रस्त्यासारखी वापरली गेली. १८५१ साली स्थापन झालेल्या शिर्केत-इ हायरिये या बोट कंपनीची जहाजे दोन्ही काठांवरील गावांच्या धक्क्यांना लागत, आणि त्यांतून प्रवास करणारा कारकून सकाळी खंड ओलांडतो आहे या जाणिवेने भारावलेला असण्याचे कारण नव्हते. सतराव्या शतकातील इस्तंबूलकर प्रवासी एवलिया चेलेबी याच्या दहा खंडांच्या प्रवासग्रंथाचा पहिला खंड त्याच्या या जन्मगावालाच वाहिलेला आहे. त्यात कारागिरांच्या संघटनांची मिरवणूक, मशिदी, स्नानगृहे आणि बॉस्फरसच्या काठची गावे यांचे तपशीलवार वर्णन असून दोन्ही काठांकडे एकाच शहराची वस्ती म्हणून पाहिलेले आहे. प्रवासलेखनाला नमुना हवा असेल तर गोत्येपेक्षा एवलिया अधिक विश्वासार्ह आहे.

संगमाच्या कल्पनेचा सर्वांत मोठा अपराध मात्र वास्तूंच्या नव्हे, माणसांच्या बाबतीत आहे. ‘संगम’ म्हटले की विविधता अजून नांदते आहे असे गृहीत धरले जाते. १९२०च्या दशकात या शहरात सुमारे एक लाख ग्रीक राहत होते. लोझान येथे १९२३ साली झालेल्या करारानुसार तुर्कस्तान आणि ग्रीस यांच्यात लोकसंख्येची सक्तीची अदलाबदल झाली तेव्हा इस्तंबूलच्या ग्रीकांना तिच्यातून वगळले होते. आज ते दोन-तीन हजारांवर आले आहेत. १९१५च्या एप्रिलमध्ये शहरातील आर्मेनियन विचारवंतांची धरपकड झाली आणि त्यांच्यापैकी बहुतेक परतले नाहीत. १९४२ साली लादलेला वार्लिक वेर्गिसी हा संपत्तीकर बिगर-मुस्लिमांवर इतक्या विषम दराने आकारला गेला की तो न भरू शकलेल्यांना अनातोलियातील आश्काले येथील श्रमछावणीत पाठवण्यात आले. १९६४ साली ग्रीक नागरिकत्व असलेल्या सुमारे बारा हजार लोकांना देश सोडण्यास भाग पाडले गेले, आणि त्यांच्याबरोबर त्यांचे तुर्की नागरिक असलेले नातलगही गेले. पेराच्या इस्तिकलाल रस्त्यावरील इमारतींचे ‘युरोपीय’ दर्शनी भाग वाखाणणारा प्रवासी ज्यांनी त्या इमारती बांधल्या, ज्यांनी तेथे दुकाने चालवली, त्यांच्या अनुपस्थितीविषयी एक ओळही लिहीत नाही, कारण संगमाच्या चित्रात अनुपस्थितीला जागा नसते. त्यांच्या जागी अनातोलियाच्या खेड्यांतून आलेले लक्षावधी लोक गेजेकोंदू, म्हणजे रातोरात उभारलेल्या बेकायदा घरांच्या वस्त्यांत राहू लागले, युरोपीय बाजूच्या झेयतिनबुर्नूत आणि आशियाई बाजूच्या उम्रानियेत सारखेच. १९५० साली दहा लाखांच्या आसपास असलेली वस्ती आज दीड कोटीच्या वर आहे, आणि या वस्त्या कोणत्याही माहितीपत्रकात येत नाहीत.

सहा आणि सात सप्टेंबर १९५५ रोजी सायप्रसच्या वादाचे निमित्त करून ग्रीकांची घरे, दुकाने, चर्च आणि दफनभूमी यांच्यावर संघटित हल्ले झाले, आणि त्यांची झळ आर्मेनियन व ज्यू रहिवाशांनाही पोहोचली. इस्तिकलालच्या फरसबंदीवर फाडलेल्या कापडाचे आणि फोडलेल्या सामानाचे ढीग पडले होते. त्या रात्री जमाव पेरातही होता आणि पाण्यापलीकडच्या कादिकॉयमध्येही. युरोपचा काठ कोणता आणि आशियाचा कोणता, याने कोणाचेही दुकान वाचले नाही.